बुरशीचा रिपोर्ट किती खरा मानायचा?

गेल्या पावसाळ्यात वैरागकडचे एक जोडपे दवाखान्यात आले. बाईंचे वय चाळिशीचे. अंगावरून पांढरे जाणे आणि खाज, वर्षातली ही चौथी खेप. लॅबच्या रिपोर्टवर ‘कॅन्डिडा’ असे बुरशीचे नाव होते आणि फ्लुकोनॅझोल या औषधापुढे ‘रेझिस्टंट’, म्हणजे औषध लागू नाही, असा शिक्का. नवरा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, गोळी लागू नाही म्हणजे सोलापूरला ॲडमिट करावं लागंल ना? दोन शेळ्या विकायच्या ठरवल्यात.”

मी म्हटले, “शेळ्या राहू द्या. आधी रिपोर्ट नीट वाचू.”

कॅन्डिडा ही यीस्ट प्रकारची बुरशी. ती निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात आणि स्त्रियांच्या योनिमार्गातही असते. मधुमेह, गरोदरपण, अँटिबायोटिक्सचा मारा किंवा केमोथेरपी यांमुळे तिला मोकळे रान मिळते.

औषध लागू आहे की नाही, हे पाहण्यासाठी लॅबमध्ये बारीक खळग्यांतून औषधाचे प्रमाण दुप्पट-दुप्पट वाढवत नेतात आणि प्रत्येकात बुरशी सोडतात. कमीत कमी किती औषधात वाढ रोखली गेली, तो आकडा पाहतात. तीच बुरशी दुसऱ्यांदा तपासली तर आकडा एखादी पायरी वर-खाली होतो. यात लॅबचा दोष नाही. पण आकडा सीमेवर असला, तर तेवढ्यानेच ‘लागू’चे ‘लागू नाही’ होऊ शकते.

चूक मुख्यतः तीन ठिकाणी होते.

पहिली, ओळखण्यात. कॅन्डिडा हे आडनाव झाले, घरातली माणसे निरनिराळी. ‘क्रुसेई’वर फ्लुकोनॅझोल मुळातच चालत नाही, ‘अल्बिकन्स’वर बहुधा चालते. ‘ऑरिस’ ही जात जपानमध्ये २००९ साली नोंदली गेली आणि २०१३ साली दिल्लीच्या रुग्णालयांतून तिची माहिती प्रसिद्ध झाली. ओळख पटवणारी स्वयंचलित यंत्रे तिला बराच काळ भलत्याच नावाने हाक मारत होती.

दुसरी, वेळेत. अल्बिकन्सचे काही नमुने २४ तासांनी पाहिले तर औषधाने रोखलेले दिसतात, पण ४८ तासांनी पुसट वाढ दिसते. ती पाहून ‘रेझिस्टंट’ लिहिले जाते. प्रत्यक्षात असे रुग्ण औषधाने बरे होतात.

तिसरी, बुरशी वाढवण्याच्या खाद्यात. औषधाची चकती ठेवून तपासताना त्या खाद्यात ग्लुकोज आणि मिथिलिन ब्लू घालावे लागते. जिवाणूंसाठीचेच खाद्य तसेच वापरले, तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

चाचणी बिनचूक झाली तरी ती भविष्यवाणी नव्हे. या विषयातले तज्ज्ञ एक ढोबळ हिशोब सांगतात: ‘लागू’ ठरलेल्या औषधाने सुमारे ९० टक्के रुग्ण सुधारतात आणि ‘लागू नाही’ ठरलेल्यानेही सुमारे ६० टक्के. बाकीचे काम रुग्णाची प्रतिकारशक्ती करते.

त्या बाईंच्या रिपोर्टवर बुरशीची जात लिहिलेली नव्हती. रक्तातली साखर कधी तपासलीच नव्हती. उपाशीपोटी ती २४० निघाली. नमुना पुन्हा, दुसऱ्या लॅबमध्ये पाठवला. जात अल्बिकन्स, औषध लागू. साखर आटोक्यात आणली, गोळ्यांचा पूर्ण कोर्स दिला. शेळ्या गोठ्यातच राहिल्या.

मात्र याचा अर्थ रिपोर्ट कचऱ्यात टाकावा, असा नाही. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या रक्तात कॅन्डिडा सापडली, तर उपचार ताबडतोब सुरू करावे लागतात आणि जात व औषध ठरवणारी ही चाचणी जीव वाचवते. शंका आल्यास नमुना चंदीगडच्या पीजीआयसारख्या मोठ्या संस्थेकडे पाठवता येतो.

‘रेझिस्टंट’ शब्द वाचून घाबरण्याआधी आपल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: बुरशीची जात कोणती? वाचन किती तासांनी केले? माझी साखर तपासली का? आणि मेडिकलमधून परस्पर गोळी किंवा स्टेरॉइडची ट्यूब आणू नका. गरोदर स्त्रियांनी तर फ्लुकोनॅझोलची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.