सावली हवी की सिग्नल?

पार्किंगचा राडा नाही, सोसायटीची मीटिंग नाही, घरमालकाची कटकट नाही. कंटाळा आला की घरच घेऊन निघायचं! अमेरिकेत असं चाकांवरच्या घरात बारा महिने राहणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. त्या घराला म्हणतात आरव्ही. २०२० चा 'नोमॅडलँड' पाहिलाय ना? हां, तेच. फक्त प्रत्येकाची गोष्ट तितकी उदास नसते.

माझा एक कॉलेजमित्र आणि त्याची बायको दोन वर्षं असेच ट्रेलरमध्ये राहताहेत. दोघंही आयटीत, दोघंही घरून काम करणारे. बेत कळल्यावर पुण्याहून आईचा फोन, "अरे, म्हणजे तुम्ही गाडीत राहणार?" सोलर, पाण्याची टाकी, बेड सगळं दोघांनी शांतपणे ठरवलं. भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. टीव्हीची डिश!

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आपल्याकडे डिशवाला येतो, गच्चीत छत्री ठोकतो आणि विषय संपतो. पण घरच दर आठवड्याला हललं तर?

फंडा असा आहे बघा. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंच असतात आणि आकाशात एकाच जागी स्थिर दिसतात. अमेरिकेतून ते कायम दक्षिणेच्या बाजूला. पण किती वर, ते तुम्ही कुठे आहात त्यावर. ११९ अंश पश्चिमेचा उपग्रह सिॲटलमधून क्षितिजापासून ३५ अंशांवर दिसतो, तोच ईशान्येच्या मेन राज्यातून जेमतेम १९ अंशांवर. इतक्या खाली बघायचं म्हणजे समोरचं पहिलंच झाड आडवं येणार! म्हणून तिकडे फिरायचं तर 'डिश नेटवर्क'चे पूर्वेकडचे उपग्रह पकडणारी अँटेना घ्यावी. ते तिथून जवळपास दुप्पट उंचावर दिसतात.

घुमट की ट्रायपॉड?

मित्राला हवा होता घुमट. उलट्या घमेल्यासारखा दिसतो. ठेवा, केबल जोडा, आतली मोटर स्वतः उपग्रह शोधते. एकदम कूल! पण दोन भानगडी. 'डायरेक्टीव्ही'चे एचडी चॅनेल वेगळ्या बँडवर येतात, ते बहुतेक घुमटांना पकडता येत नाहीत. शिवाय घुमट एका वेळी एकाच उपग्रहाकडे बघतो. म्हणजे त्याला बेडरूममध्ये फुटबॉल आणि तिला बाहेर सिनेमा हवा असेल आणि दोन्ही वेगवेगळ्या उपग्रहांवर असतील, तर एकाला गप्प बसावं लागणार. कोण ते तुम्हीच ओळखा.

तिचं म्हणणं, ट्रायपॉड. साधी घरगुती डिश, तीन पायांचा स्टँड, होकायंत्र. स्वस्त आणि मस्त. फक्त प्रत्येक मुक्कामी "थोडी डावीकडे... अगं, तुझ्या नाही, माझ्या डावीकडे!" हा सीन ठरलेला.

तिसरा पर्याय टपावर कायमची बसवलेली ऑटोमॅटिक डिश. सॉलिड दिसते, पण किंमत हजार डॉलरच्या पुढे. आणि खरी गोची इथेच आहे. उन्हाळ्यात ट्रेलर झाडाखाली लावला तर एसीवरचा ताण कमी होतो, पण टपावरच्या डिशला आकाशच दिसत नाही. ट्रायपॉडला लांब केबल लावा, घर सावलीत आणि डिश उन्हात! जंगलात आठवडाभर तळ ठोकणाऱ्यांना माझं मत ट्रायपॉडला. रोज नवं गाव असेल तर घुमट. टपावरची डिश वाळवंटात हिवाळा काढणाऱ्यांनीच घ्यावी.

मुळात डिश हवीच का, हा प्रश्न आहेच. मे २०२२ मध्ये स्टारलिंकने आरव्हीवाल्यांसाठी खास सेवा आणली, तेव्हापासून सगळे स्ट्रीमिंगकडे वळताहेत. पण तिलाही मोकळं आकाश लागतंच. आणि दोघांच्या ऑफिस कॉलमध्ये त्याच नेटवर मॅच बघितली की कोणाचा तरी बॉस गोठतो. डिशला नेट लागत नाही, हा तिचा मोठा प्लस पॉइंट. मात्र 'डायरेक्टीव्ही' आणि 'डिश'चं विलीनीकरण २०२४ मध्ये फिसकटलं, दोघांचे ग्राहकही घटताहेत. अशा धंद्यासाठी टपाला महागडं यंत्र ठोकू नका बॉस!

बातम्या कुठल्या गावच्या?

शेवटी आला घुमटच. पण एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नव्हती. डिशवर लोकल चॅनेल दिसतात ते कंपनीकडे नोंदवलेल्या पत्त्याचे. यांचा पत्ता टेक्ससचा आणि हे मे महिन्यात कॅन्ससमध्ये, ऐन टोर्नेडोच्या मोसमात! वेगळ्या उपग्रहाचा सिनेमा मजेत चालू होता आणि शेजारचा म्हातारा दार बडवत होता, "चला, शेल्टरमध्ये चला!" ट्रेलर हे टोर्नेडोत थांबायचं ठिकाण नव्हे. सुदैवाने वादळ दुसरीकडून गेलं.

दुसऱ्याच दिवशी टपावर साधी अँटेना आली. आसपासच्या टॉवरवरचे लोकल चॅनेल ती फुकटात आणि एचडीत पकडते. सोबत हवामान खात्याचा इशारा देणारा छोटा रेडिओ. हे इशारे काउंटीनुसार येतात, त्यामुळे आपण कुठल्या काउंटीत आहोत ते पाठ हवं. पत्ता दर आठवड्याला बदलणाऱ्याच्या ते कसं लक्षात राहणार?

तर आता पोचल्यावर तो घुमट लावतो आणि ती फ्रिजवर पिवळी चिठ्ठी चिकटवते. त्यावर एवढंच, आजच्या काउंटीचं नाव.