नार्नियाची उत्पत्तिकथा

सी. एस. लुईस यांच्या नार्नियाविषयक सात पुस्तकांपैकी ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ हे १९५५ साली सहावे म्हणून प्रसिद्ध झाले; कथानक मात्र सर्वांत आधीचे आहे. बायबलात देव शब्दाने सृष्टी निर्माण करितो. येथे अस्लान नामक सिंह काळोखात गाऊ लागतो आणि त्या गायनासरशी तारे, तृण, वृक्ष व पशू प्रकट होतात. होळीच्या रात्री ढोलाच्या नादात जागणाऱ्या आमच्या खांडबाऱ्याच्या मुलांस ही कल्पना परकी वाटू नये.

परंतु पुस्तकाचे मर्म आमच्या मते अन्यत्र आहे. डिगरी नावाच्या मुलाची आई मरणोन्मुख आहे. नार्नियाच्या रक्षणार्थ लावावयाचे सफरचंद आणण्यास अस्लान त्यास दूरच्या बागेत धाडतो. तेथे चेटकीण त्यास मोह घालते, की हे फळ गुपचूप आईस नेऊन द्यावे म्हणजे ती बरी होईल. डिगरी व्याकूळ होतो, पण दिलेले वचन मोडीत नाही. पुढे त्याच फळापासून उगवलेल्या वृक्षाचे सफरचंद अस्लान स्वतः त्यास तोडू देतो व आई बरी होते.

लुईस यांची आई १९०८ साली वारली, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. ती बरी व्हावी म्हणून त्या बालकानेही प्रार्थना केली होती.