माल्टातला सप्टेंबर : ऊन उतरते, समुद्र नाही

आपल्याकडे पाऊस ओसरला की ‘ऑक्टोबर हीट’ची धास्ती. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर नेमके उलट. इंग्लंडसारख्या थंड देशातून निवृत्तीनंतर तिथे राहायला गेलेली माणसे पहिल्या उन्हाळ्यात होरपळतात आणि सप्टेंबरमध्ये कुठे मोकळा श्वास घेतात. खडकाळ माळावर तेव्हा समुद्रकांद्याचे पांढरे तुरे पानांआधीच उगवलेले असतात. आपला रानकांदा त्याच कुळीचा. दोघेही दिसायला देखणे, पण विषारी.

या सुखाचे गुपित पाण्यात आहे. २२-२३ सप्टेंबरला तिथला दुपारचा सूर्य २०-२१ मार्चला असतो तेवढ्याच उंचीवर असतो. पण मार्चमध्ये समुद्र जेमतेम १५-१६ अंशांवर, तर सप्टेंबरमध्ये २५-२६ अंशांवर! पाणी एक अंशाने तापवायला तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीच्या सुमारे पाचपट उष्णता लागते. शिवाय लाटा ती खोलवर मिसळतात. त्यामुळे समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. कडक ऊन सरले तरी पोहायला पाणी कोमट मिळते.

शरीरही तोवर तयार झालेले असते. उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जाते, हृदयावरचा ताण घटतो. म्हणून तिथे उन्हाळा काढलेल्याला २७-२८ अंश सुखद वाटतात आणि नुकत्याच आलेल्या त्याच्या पाहुण्याला मात्र घामाच्या धारा लागतात.

पण हा महिना थोडा फसवाही आहे. सहारातून निघालेला सिरोक्को वारा कोमट समुद्रावरून येताना बाष्प उचलतो. अशा दमट दिवशी घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. मुंबईकरांना हे सांगायला नको! वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे साठी उलटलेल्यांनी तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावे. हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक. अतिनील किरणे हवेच्या तापमानावर नव्हे, मुख्यतः सूर्याच्या उंचीवर अवलंबून असतात. वाऱ्याची झुळूक त्वचेला गार करते; भाजणे थांबवत नाही. गोऱ्या कातडीला तर सप्टेंबरच्या दुपारीही टोपी आणि सावली हवीच. पोहायला सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर जावे, पाणी तेव्हाही कोमटच असते.