गळे अनेक, गाणे एक

मंडळी, भजनाला बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. बुवांनी चरण म्हटला, की टाळकरी ध्रुपद उचलून धरतात आणि तेवढ्यात बुवांना दम घ्यायला सवड मिळते. बुवा थांबतात, गाणे थांबत नाही. पोवाड्यात झीलकरी हेच काम करतात. आज आपल्याला अमेरिकेतील एका समूहाच्या ध्वनिमुद्रिकेची ओळख करून द्यायची आहे, तेव्हा ही गोष्ट मनात असू द्या. पुढे ती उपयोगी पडेल.

समूहाचे नाव पॉलिफॉनिक स्प्री, मुक्काम टेक्सास राज्यातील डॅलस शहर. पॉलिफॉनिक म्हणजे अनेक स्वरांचे; स्प्री म्हणजे मनमुराद मौज. रॉक संगीत म्हटले, की विजेवरची गिटार, ड्रम आणि चार-पाच तरुण असे चित्र डोळ्यांपुढे येते. इथे मात्र रंगमंचावर वीस-पंचवीस माणसे उभी राहतात. गिटार आणि ड्रम आहेतच; शिवाय व्हायोलिन, चेलो, बासरी, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि पुरुषभर उंचीचे, बोटांनी छेडायचे हार्पही आहे. त्यांच्या जोडीला उभा असतो गायकवृंद. सुरुवातीला ही सारी मंडळी पांढरे झगे घालून येत. लोकांना वाटे, हा एखादा नवा पंथच निघाला की काय! पंथबिंथ काही नव्हता.

होते ते एक दुःख. टिम डिलॉटर हा या समूहाचा मुख्य गायक आणि रचनाकार. त्याचा आधीचा बँड ट्रिपिंग डेझी. त्यातला गिटारवादक वेस बर्ग्रेन 1999 मध्ये अकाली वारला आणि तो बँड मोडला. सोबती गेल्यावर माणूस एक तर गाणे सोडतो, नाही तर एकटाच गुणगुणत बसतो. डिलॉटरने 2000 साली भोवती माणसे जमवली. थोड्या दिवसांत नमुन्यादाखल ध्वनिमुद्रण केले, आणि तीच पुढे त्यांची पहिली मुद्रिका झाली. 2002 मध्ये डेव्हिड बोवी या विख्यात गायकाने त्यांना लंडनच्या महोत्सवात बोलावले. 2004 मध्ये ऑस्लोला नोबेल शांतता पुरस्काराच्या मैफिलीत ते गायले.

आता प्रश्न असा, की इतकी माणसे कशाला? आपण म्हणाल, आवाज मोठा व्हावा म्हणून. तसे नाही. एकाच्या जागी दहा जण सारख्याच जोराने गायले, तर आपल्या कानाला आवाज दसपट वाटत नाही. जेमतेम दुप्पट वाटतो. दहा जणांच्या जेवणाखाण्याचा नि प्रवासाचा खर्च मात्र पुरता दसपट येतो. नुसता मोठा आवाज हवा, तर ध्वनिवर्धक किती तरी स्वस्त पडेल.

फायदा दुसरीकडेच आहे. दहा माणसे एकच स्वर लावतात, तेव्हा कोणी केसभर वर असतो, कोणी केसभर खाली, कोणाचा शब्द किंचित आधी येतो. हे बारीक फरक एकमेकांत मिसळले, की स्वराला एक रुंदी येते. घोंगडीचे धागे वेगळे काढता येत नाहीत, तसा एकेक गळा वेगळा ओळखू येत नाही. शिवाय सगळे एकदम श्वास घेत नाहीत. एकाने घेतला, की शेजारचा गात राहतो. म्हणून एका छातीला न झेपणारा लांब स्वर समूहाला सहज झेपतो. गुरुजींनी वर्गात करून पाहावे. मुलांना एकत्र 'आ' लावायला सांगा. थोड्याच वेळात आवाज तुटेल. मग सांगा, "शेजारचा श्वास घेत असेल तेव्हा तू घेऊ नकोस." तोच 'आ' किती वेळ चालतो पाहा! लाजरी मुलेसुद्धा तोंड उघडतात, कारण चूक एकट्याच्या अंगावर येत नाही.

या समूहाची नवी मुद्रिका 'सॅल्व्हेज एंटरप्राइझ' नोव्हेंबर 2023 मध्ये निघाली. फुटल्या जहाजातून जे हाती लागेल ते वाचवून काढण्याचा उद्योग, असा नावाचा अर्थ घ्यावा. स्वतःच्या नव्या गीतांची त्यांची आधीची मुद्रिका 2013 ची, म्हणजे मध्ये दहा वर्षे गेली. मधल्या काळात दुसऱ्यांच्या गीतांची एक मुद्रिका त्यांनी 2021 मध्ये काढली होती. पहिल्या मुद्रिकांतला धांगडधिंगा इथे ओसरला आहे. गाणे दबक्या सुरात, जवळजवळ एकट्याने बोलल्यासारखे निघते. मग वाद्ये येतात आणि माणसे भोवती जमत जातात. मला ही मांडणी जुन्यापेक्षा अधिक पटली. पहिल्या मुद्रिकेचा शेवटचा भाग छत्तीस मिनिटांचा आहे. खरे सांगतो, तो मला शेवटपर्यंत ऐकवला नाही.

आणखी एक गंमत. यांच्या गीतांना नावांखेरीज क्रमांकही असतात आणि ते दर मुद्रिकेला एकपासून सुरू होत नाहीत. पहिलीत 1 ते 10, दुसरीत 11 पासून पुढे. शिवाय पहिलीतले शेवटचे गीत दुसरीच्या आरंभी पुढे चालू होते, जणू वीस वर्षे एकच गाणे चालले आहे आणि आपण मधून मधून दार उघडून ऐकतो आहोत. या मुद्रिकेत 44 ते 52 अशी नऊ गीते आहेत. ऐकायला बसलात, तर इंग्रजी शब्द कळत नाहीत म्हणून अडू नका. डिलॉटरचा आवाज जिथे थकल्यासारखा वाटतो, तिथे कान द्या. झील तिथेच येते.