शटर पावसानं फुगत नाही, ऑइलनं हलकं होत नाही

पहिला दमदार पाऊस झाला की आमच्या सिडकोतल्या रो-हाउसच्या गल्लीत एक ठरलेला प्रसंग घडतो. कुणाचं तरी शटर सकाळी अर्ध्यावर अडकतं. गाडी आत, साहेब बाहेर. दोन माणसं खांदा लावतात, तिसरा सल्ला देतो, "पावसाचं फुगलंय हो. जरा ऑइल मारा, हलकं होईल." निदान चूक आणि औषधही चूक. तरी दरवर्षी जळक्या ऑइलची बाटली कुठून तरी येतेच.

आधी फुगण्याचं बघू. दार फुगतं ते लाकडाचं, कारण लाकूड पाणी पितं. शटर पोलादी पत्र्याचं असतं आणि पत्रा पाणी पीत नाही. तो वाढतो फक्त उष्णतेनं, तेही ३ मीटर लांबीला १५ अंशांमागे जेमतेम अर्धा मिलिमीटर. शिवाय मे महिन्यात चाळिशीत तापलेला पत्रा जुलैत थंड होतो, म्हणजे पावसाळ्यात शटर उलट आखडतं. 'फुगलं' म्हणणाऱ्यांच्या बाजूनं एकच गोष्ट सांगता येईल: गंज फुगतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. दोन पट्ट्या जिथे एकमेकींत अडकवलेल्या असतात त्या दुमडीत हा गंज बसला, की पट्ट्या मोकळ्या वळत नाहीत. पण तो एका पावसाचा नसतो, मागच्या चार-पाच पावसाळ्यांचा असतो.

आता ऑइल. माझा खरा राग याच्यावर आहे.

शटर दोन्ही बाजूंच्या चॅनेलमधून सरकतं. आमच्या शहरात धूळ काही कमी नाही. काळ्या मातीचा भुगा उन्हाळाभर त्या चॅनेलमध्ये साचतो. त्यावर ऑइल किंवा ग्रीस ओतलं की पहिले आठ दिवस शटर खरंच सुळसुळतं. लोक फसतात ते याच आठ दिवसांना. पुढे ते तेल रस्त्यावरची सगळी धूळ धरून ठेवतं आणि चॅनेलमध्ये काळा चिकट लगदा तयार होतो. त्यात वाळूचे कण असतात, म्हणजे आपण पॉलिश पेपरच आत बसवला म्हणायचं. पट्टीच्या कडेवरचा रंग जातो, मग त्याखालचा जस्ताचा थर जातो, मग गंज. शटर पुन्हा जड होतं आणि आपण पुन्हा ऑइल मारतो.

जळकं ऑइल तर त्याहून वाईट. इंजिनात वापरलेल्या तेलात काजळी, धातूचे कण आणि आम्लधर्मी घटक उतरलेले असतात. देशाच्या २०१६च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्याच्या यादीत आहे. ज्या शटरला रोज हात लावायचा, ज्याच्याजवळ मुलं खेळतात, त्याला तो कचरा फासायचा? फुकट मिळतो म्हणून?

"मग डब्ल्यूडी-फॉर्टी मारतो, ते तर चांगलं असतं ना?" असतं, पण त्याचं काम वेगळं. १९५३ साली अमेरिकेत ते पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनवलं गेलं. नावातला 'डब्ल्यूडी' म्हणजे पाणी बाजूला सारणं आणि 'फॉर्टी' म्हणजे चाळिसावा प्रयत्न. अडकलेला नट सोडवायला ते उत्तम. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे पातळ थर राहतो. रोज वर-खाली होणाऱ्या भागाला त्यावर विसंबून चालत नाही. ते बनवणारी कंपनीच सिलिकॉनचा वेगळा स्प्रे विकते, यातच काय ते आलं.

मग शटर जड का होतं? कारण ते मुळातच जड असतं. १० बाय ८ फुटांचं शटर ०.९ मिलिमीटर पत्र्याचं धरा. नुसता सपाट पत्रा मोजला तरी वजन ५० किलोंच्या वर जातं. पट्ट्यांचा बाक आणि दुमडी धरल्या तर आणखी. एवढा भार आपण एका हातानं उचलतो तो मनगटाच्या जोरावर नव्हे, वरच्या पाइपवर बसवलेल्या स्प्रिंगच्या जोरावर. शटर खाली येताना स्प्रिंग पिळली जाते, वर नेताना ती पीळ सोडते आणि वजन तोलते. वर्षानुवर्षांच्या वापरानं ती थकते. वरचं पत्र्याचं झाकण उघडं असेल तर पावसाचं पाणी तिच्यावर पडतं आणि ती गंजते. उन्हाळ्यात चॅनेल कोरडा असल्यानं थकलेली स्प्रिंग कशीबशी निभावते. पावसाळ्यात चॅनेलमध्ये चिखल होतो आणि तिचं पितळ उघडं पडतं. दोष स्प्रिंगचा, आळ पावसावर.

याची परीक्षा फुकट आहे. शटर कमरेइतकं वर घ्या, मुलांना लांब ठेवा, पाय बाजूला ठेवा आणि हाताची पकड हळूहळू सैल करा. शटर जागेवर थांबलं किंवा किंचित सरकलं तर स्प्रिंग ठीक आहे, चॅनेल साफ करा. धाडकन खाली यायला निघालं तर शटरवाल्या मिस्त्रीला बोलवा. तो स्प्रिंगला पीळ वाढवून देईल किंवा ती बदलेल. हे घरी करू नका. पिळलेल्या स्प्रिंगमध्ये एवढा जोर साठलेला असतो की सुटली तर हात मोडेल.

काही शटर तर पहिल्या दिवसापासून जड असतात. रोलिंग शटरसाठी आयएस ६२४८ हे भारतीय मानक आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निकषांप्रमाणे हातानं ओढायचं शटर ८ चौरस मीटरपर्यंत बॉल बेअरिंगशिवाय चालतं, ८ ते १२ चौरस मीटरला बेअरिंग हवं. १२ बाय ८ फूट म्हणजे जवळजवळ ९ चौरस मीटर. तिथे बेअरिंगचे पैसे वाचवले असतील, तर ऑइलचा पिंप ओतूनही उपयोग नाही.

दुसरा लाडका समज: "आपल्याकडे पाऊसच किती? गंजायला हे काय कोकण आहे?" रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आमच्या शहरात साधारण ७००, हे खरं. पण पत्रा पाऊस मोजत नाही. तो किती तास ओला राहिला, एवढंच त्याला कळतं. आणि शटरची खालची पट्टी आपण बारा महिने ओली ठेवतो. नळाला रोज पाणी नाही, म्हणून अंगण बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं धुतो. ते पाणी उंबऱ्याशी साचतं, क्षार ओल्या पत्र्याचं गंजणं वाढवतात. वर दिवाळीत फरशी चकचकीत करायला ॲसिड ओततो, म्हणजे थेट हायड्रोक्लोरिक आम्ल. जस्ताचा थर खायला त्याच्याइतकं तत्पर दुसरं काही नाही. बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि धुणं झालं की खालची पट्टी फडक्यानं पुसा. निम्मा गंज तिथेच टळेल.

बाकीचे समज थोडक्यात.

"जीआय पत्रा गंजतच नाही." गंजतो, फक्त उशिरा. त्यावरचं जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, ते संपलं की पाळी लोखंडाची.

"रंग मारला की गंज थांबला." गंजावर मारलेला रंग गंजासकट सुटतो. तारेच्या ब्रशनं घासा, रेड ऑक्साइड प्रायमर मारा, मग रंग. नव्या जस्ती पत्र्यावर साधा ऑइलपेंट टिकत नाही, त्याला वेगळा एचिंग प्रायमर लागतो.

"रॉकेलनं धुतलं की झालं." रॉकेल मळ काढतं, वंगण देत नाही. पुसून घ्या, मग चॅनेलला सिलिकॉनचा स्प्रे किंवा मेणबत्तीचं मेण लावा. ग्रीसची जागा फक्त बेअरिंगमध्ये.

"मोटर बसवली की कटकट मिटली." स्प्रिंगच्या आधारानं चालणारी मोटर असेल, तर स्प्रिंगचा थकवा मोटरच्या माथी जातो.

"कुलपात खोबरेल तेल सोडा." खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. डिसेंबरच्या पहाटे बाटलीतलं तेल घट्ट होतं, तेच कुलपात होतं. ग्रॅफाइटची पूड घाला.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकांना मी ती कमरेची परीक्षा करायला लावली. शटर धपकन खाली आलं. मिस्त्री आला, त्यानं चॅनेल खरवडून वाटीभर काळा लगदा काढला, स्प्रिंगला दोन पीळ वाढवले. काकू एका हातानं शटर वर नेऊ लागल्या. मी समाधानानं काकांकडे बघितलं. ते म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो ना! जाता जाता त्यानं बेअरिंगला दोन थेंब ऑइल मारलं, म्हणून हलकं झालं."