गोळी आणि मेसची वेळ
आमच्या मेसच्या काकांना साखरेच्या दोन गोळ्या आहेत, पण दोन्ही सारख्या नाहीत. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते; पोट बिघडू नये म्हणून ती जेवणासोबत घ्यायची. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही! त्यामुळे आषाढीचा उपवास किंवा रविवारी रात्री बंद मेस, हे मला खरे धोक्याचे दिवस वाटतात. त्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते डॉक्टरांना आधीच विचारा. दरदरून घाम, हात थरथरणं दिसलं की ३ छोटे चमचे साखर पाण्यातून लगेच द्या (शुगर-फ्री चालणार नाही), मग जेवण. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. १०८ लावा, नाहीतर सरळ घाटी गाठा. या गोळीचा असर तासन् तास राहतो, म्हणून बरं वाटलं तरी त्या रात्री एकटं सोडू नका.