तंबाखू सोडायचीय? दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा



पिकावर रोग दिसला की आपण पान उलटून बघतो. तंबाखू-चुना, गुटखा किंवा मिश्रीची सवय असेल, तर तोंडही तसंच तपासून घ्या. दुखायची वाट पाहू नका. कॅन्सरचा चट्टा सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

पुढीलपैकी काहीही आढळल्यास लगेच दाखवावे :

१) गालात, जिभेवर पांढरा किंवा लाल चट्टा.
२) दोन आठवड्यांत न भरणारी जखम.
३) तिखट झोंबणे, तोंडात तीन बोटे उभी न मावणे.

दातांचे डॉक्टर फक्त दात काढत नाहीत, सवय सोडवायलाही मदत करतात. दिवसातून किती वेळा खाता, सकाळची पहिली चिमूट कधी, हे विचारतात. खरं सांगा, लाजू नका. मग सोडण्याचा दिवस ठरवतात, जरूर पडल्यास निकोटिनचे च्युइंगम देतात आणि पुन्हा तपासायला बोलावतात.

तलफ थोड्या वेळात ओसरते. तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप चघळा. सुपारी मात्र नको. तीही कॅन्सरला कारण होते.

सल्ल्यासाठी मोफत फोन : १८००-११-२३५६.